आहेरात आलेले राखणदार

हर्षदाच्या लग्नात दोन्ही बाजूंचे मिळून पाच-पन्नास मानकरी असतील, पण त्यांनी सगळ्यांनी मिळून जेवढा घोळ घातला नव्हता तेवढा दसऱ्याला आलेल्या दोनच पाहुण्यांनी घातला. त्यातही कुणी रुसलं नाही, कुणी ताटावरून उठलं नाही, सगळं अगदी प्रेमाने झालं. प्रेमाने घातलेला घोळ निस्तरायला जास्त अवघड, कारण भांडायला तोंड राहत नाही.

दौंडच्या अलीकडे, भीमेच्या काठाला तात्याबांची वस्ती आहे. तात्याबा म्हणजे हर्षदाचे सासरे. अर्धं आयुष्य त्यांनी मेंढरांमागे कोकणात जाऊन-येऊन काढलं आणि आता ऊस आणि झेंडू करतात. मेंढरं गेली तरी डोक्यावरचं तांबडं मुंडासं आणि कुणाकडे बघताना एक डोळा बारीक करायची सवय तेवढी राहिली. मुलगा बिरदेव रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला, आठवडाभर कारेगावात खोली करून राहतो आणि सुट्टीला घरी येतो. हर्षदा बी.कॉम. झालेली. लग्नाआधी ती शिरूरला एका टॅक्सवाल्याच्या ऑफिसात कामाला होती, आणि त्या कामाची तिला मनापासून आवड होती.

आता पुण्याच्या एका कंपनीने तिला घरबसल्या हिशेबाचं काम द्यायची तयारी दाखवली होती. फक्त बुधवारची ऑनलाइन परीक्षा बाकी होती. तात्याबांनी आपलं म्हणणं आधीच सांगून ठेवलेलं: "घरात बसून करायचं तर खुशाल कर पोरी. पर नोकरीला बसनं रोज बाहेरगावी जाणं-येणं मला पटत न्हाई." म्हणजे परीक्षा झाली तर काम, नाही तर झेंडू तोडायचा. झेंडूशी तिचं वाकडं नव्हतं, पण जन्मभर झेंडूच तोडत बसणं तिला नको होतं.

बिरदेवने बोनसमधून कॉम्प्युटर आणला. हर्षदाने तो स्वतःच जोडला, स्वतःच सुरू केला. नेटवरून कोण आत येतंय आणि कोण बाहेर जातंय यावर नजर ठेवणारी फायरवॉल मशीनमध्ये मुळातच होती. ती चालू आहे ना ते तिने पाहिलं आणि विषय मिटवला.

"आपण येगळी घ्यायची का इकत?" बिरदेवने विचारलं. "आमच्या कंपनीत येगळी हाय."

"तुमच्या कंपनीत हजार मशिनी अन् त्यांच्यावर लक्ष ठेवायला अख्खं खातं. आपल्याकडं एक मशीन अन् एक मी," हर्षदा म्हणाली. "मुळातली पुरंल. अपडेट वेळेवर घ्यायचं आन् तुम्ही त्या बक्षिसाच्या लिंकवर बोट ठेवायचं न्हाई. एवढं पाळलं तरी बास." बिरदेवने आपला मोबाईल खिशात घातला.

दसऱ्याला अंगणात पूजा मांडली. ट्रॅक्टर, कोयते, मोटारीचा स्टार्टर, लोकर कातरायची जुनी कातर, आणि यंदा पहिल्यांदाच कॉम्प्युटर. अनसाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, स्क्रीनच्या बरोब्बर मध्यभागी कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं. हर्षदाने त्यांची पाठ वळल्यावर ते हळूच पुसून कडेला सरकवलं. झेंडूची माळ पंख्याच्या जाळीवर आली होती, तीही तिने वर घेतली. इथवर सगळं ठीक होतं.

मग जावई आले. सत्यजीत म्हणजे हर्षदाच्या नणंदेचे, सारिकाताईंचे यजमान. दौंडमध्ये त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान. कडक इस्त्रीचा शर्ट, कानात सदा ते इअरफोनचं बोंडूक. त्यांनी आपट्याची पानं दिली आणि पिशवीतून एक चकचकीत खोकं काढलं. खोक्यावर किल्ल्याच्या दरवाजाचं चित्र आणि वर नाव: लोहद्वार.

"नव्या कॉम्प्युटरला आमच्याकडनं आहेर," सत्यजीत म्हणाले. "हर्षदा, ती मुळातली फायरवॉल म्हंजी गाडीबरोबर फुकट येणारं कव्हर. पहिल्या वाऱ्यात फाटतं. हे बघ कसं राखतं."

हर्षदाने तोंड उघडलं होतं, पण तोवर अनसाबाईंनी खोक्याला हळदकुंकू लावून ते कपाळाला टेकवलंसुद्धा. आहेराला नको म्हणायची पद्धत त्या घरात नव्हती. साडी आवडो न आवडो, घडी मोडून खांद्यावर टाकून दाखवायची. तसंच हेही. सत्यजीत खुर्चीत बसले आणि त्यांनी लोहद्वार जागच्या जागी बसवून दिलं. कुणी काढलं तर मला मेसेज येतो, हेही सांगून ठेवलं. मुळातली फायरवॉल मुकाट बाजूला झाली.

दुपारी सोपानराव आले. हे हर्षदाचे सख्खे मामा, शिरूरच्या एसटी स्टँडजवळ त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मामा देहाने प्रशस्त आणि मनाने त्याहून. त्यांच्या पिशवीतूनही खोकंच निघालं. यावर फिरतं चक्र होतं आणि नाव होतं सुदर्शन.

"भाचीचं मशीन उघडं ठेवतो व्हय मी," मामा म्हणाले. "ही घराबाहेरची राखण हाय. घरातलं माणूस झोपतं, बाहेरचं न्हाई झोपत."

अनसाबाईंनी त्यालाही हळदकुंकू लावलं. मामा खुर्चीत बसले, त्यांनी सुदर्शन सुरू केलं, आणि स्क्रीनवर आलेली ओळ चष्मा वर करून भरल्या घरात मोठ्याने वाचली: "या कॉम्प्युटरवर आधीच दुसरी सुरक्षा आढळली आहे. कृपया ती काढून टाका."

सत्यजीतने पुरणपोळीचं ताट खाली ठेवलं.  आता पाहुण्यांची जुंपणार हे ओळखून तात्याबा सोप्यातून उठून आत आले आणि त्यांनी निवाडा दिला.

"काढायचं कुणाचंच न्हाई. एका पाव्हण्याला फेटा आन् दुसऱ्याला उघडं डोकं, आसं आपल्या दारात कवा झालंय? दोघांचा मान सारखा. दोन्ही बसू द्या."

माणसांच्या बाबतीत हा निवाडा लाखमोलाचा होता. मामांनी "तरीही पुढे जा" वर टिचकी मारली, दोघा पाहुण्यांनी एकमेकांना आपट्याचं पान दिलं, आणि दिवस गोड झाला.

दुसऱ्या दिवसापासून तमाशा सुरू झाला. लोहद्वार विचारायचं, सुदर्शन नावाचं कुणीतरी अनोळखी बाहेर जाऊ बघतंय, जाऊ द्यायचं का. हर्षदा म्हणायची, जाऊ दे बाबा. तेवढ्यात सुदर्शन विचारायचं, हा लोहद्वार कोण, संशयास्पद दिसतोय, अडवायचा का. नको रे, पाहुणाच आहे तो. दिवसभर ती दोघांची समजूत काढत होती. शेवटी त्या दोघांनी विचारायचंच सोडलं आणि परस्पर सगळंच बंद केलं. एकाने आत घेतलेलं दुसरा अडवायचा, आणि दुसऱ्याने सोडलेलं पहिला धरायचा. त्याच वायफायवर मोबाईल सुरळीत चालायचा, कॉम्प्युटर मात्र ढिम्म. पुण्याच्या कंपनीने सरावासाठी दिलेलं परीक्षेचं पान काही केल्या उघडेना.

तिने सत्यजीतला फोन केला. ते म्हणाले, "मामांचं काढून टाक." तिने मामांना फोन केला. ते म्हणाले, "पाव्हण्याचं काढून टाक. मी सांगितलं म्हणून सांगू नको मातर."

"आबा, मी दोन्ही काढते गुपचूप," ती तात्याबांना म्हणाली. "परीक्षा झाली की परत बसवते."

"तुजी परीक्षा हाय, मला कळतंय," तात्याबा म्हणाले. "पर जावयाचं काढलं तर तिकडं सारिकाला ऐकून घ्यावं लागंल. मामाचं काढलं तर तुझ्याच म्हायेरचा मान जाईल. आन् पाव्हणं म्हनलं न्हाई का, काढलं की मला मेशेज येतो? ज्यांनी बसिवलं त्यांनाच हात लावू दे."

हर्षदा आत गेली आणि भाकरी इतक्या जोरात थापल्या की अनसाबाई दारात येऊन बघून गेल्या. तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता. काम हातात आलं होतं, घर राजी होतं, डोकं तयार होतं, आणि आडवं कोण आलं तर मानपान.

बाजाराच्या निमित्ताने ती दौंडला गेली. सत्यजीतला समोरासमोर पटवावं, एवढाच विचार होता. दुकानात गर्दी होती. सत्यजीत शिडीवर चढून कुणाचा तरी कॅमेरा तपासत होते.

"बस की हर्षदा," ते वरूनच म्हणाले. "जरा ती प्रिंट दे तेवढी काढून. गिऱ्हाईक खोळंबलंय."

ती त्यांच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरपुढे बसली. प्रिंट काढली. आणि मग, हात लावायला मिळालाच आहे तर लोहद्वारमध्ये परीक्षेच्या पानापुरती सूट द्यायची सोय कुठे असते ते बघावं म्हणून तिने कोपऱ्यातलं लोहद्वारचं चित्र शोधलं. ते नव्हतं. सगळे प्रोग्रॅम पाहिले. त्यातही नव्हतं. होती ती मुळातल्या फायरवॉलची ढाल, हिरवी टिकली लावून शांत बसलेली. मागच्या भिंतीवर लोहद्वारची खोकी छतापर्यंत रचलेली होती आणि त्यांच्या मालकाच्या मशीनला गाडीबरोबर फुकट आलेलं कव्हर पुरत होतं.

हर्षदाने ते पान बंद केलं. सत्यजीत शिडीवरून उतरले तेव्हा ती इतक्या साध्या चेहऱ्याने बसली होती की कुणालाही दया यावी. मग ती भाजी घेऊन घरी आली.

घरी आल्यावर तिला दुसरी शंका आली. तिने मामांना व्हिडिओ कॉल लावला.

"मामा, त्या सुदर्शनमधी सूट कुठं देतात, मला सापडंना. तुमच्या मशीनवर दावता का?"

"माझ्या मशीनवर?" मामा म्हणाले. "माझ्यावर जरा जुनं हाय गं."

"असू द्या की जुनं. बघून अंदाज येईल."

मामांनी मोबाईल कॉम्प्युटरकडे फिरवला, इकडून तिकडे नेला, मध्येच अंगठा कॅमेऱ्यावर ठेवला, मग खोकला आला. अंगठा हलला तेवढ्यात हर्षदाला कोपरा दिसला. तिथेही तीच ढाल, तीच हिरवी टिकली. सुदर्शन चक्र कुठेही फिरत नव्हतं.

"गिऱ्हाईक आलं बघ," म्हणून मामांनी फोन ठेवला. आणि हर्षदा पदर तोंडात धरून इतकी हसली की अनसाबाई परत दारात येऊन बघून गेल्या.

आता दोघांचं बिंग तिच्या हातात होतं. फोडलं असतं तर मजा आली असती, पण ती घडीभरची. जावयाला सासऱ्यासमोर खाली बघायला लावणं आणि सख्ख्या मामाला जावयासमोर, हे तिला नको होतं. तिला परीक्षा हवी होती. आणि थोडी गंमतही हवी होती, ते खोटं कशाला सांगा.

ती तात्याबांकडे गेली. "आबा, तुम्ही म्हणता तेच बराबर. कुणाचंच काढायचं न्हाई आपण. ज्यांनी बसवलं त्यांनाच जेवायला बोलवू आन् त्यांनाच नीट करू द्या. फकस्त एक सांगा त्यांना. त्यांच्या स्वतःच्या दुकानातल्या मशीनवर जसं हाय तसंच तंतोतंत आपल्यावर करा म्हणावं. दोघं दुकानदार, त्यांचं सवताचं मशीन तर चांगलंच राखत असतील."

तात्याबांनी एक डोळा बारीक करून सुनेकडे बघितलं. मग मुंडासं सारखं केलं. "बरं," म्हणाले.

मंगळवारी दुपारी मटणाचा बेत झाला. दोन्ही पाहुणे पाटावर समोरासमोर बसले. अनसाबाईंनी रस्सा वाढला, पहिला घास तोंडात गेला, आणि तात्याबा बोलले.

"पाव्हणं, सोपानराव, मशीन काय चालंना बघा. आमाला त्यातलं कळत न्हाई. तवा येवढं करा. तुमच्या सवताच्या दुकानात जसं हाय, अगदी तसंच हितं करा. कमी न्हाई, जास्त न्हाई. जेवल्या-जेवल्या हुन जाऊ द्या."

सत्यजीतचा हात रश्श्याच्या वाटीतच थांबला. मामांनी भाकरी चावायची बंद केली.

"दाजी, तुमच्या दुकानातलं मी परवा बघितलं," हर्षदा ताक वाढता वाढता म्हणाली. "प्रिंट काढताना. कसं सुरेख चालतं. आन् मामा, तुमचं बी दिसलं व्हिडिओवर, अंगठा काढल्यावर. मला अगदी तसंच पायजे."

दोघांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर ताकाइतकाच भोळेपणा होता. मग दोघांनी चोरून एकमेकांकडे बघितलं, आणि आपल्याबद्दल याला कळलंय की काय, ही एकच धास्ती दोन्ही चेहऱ्यांवर उमटली. त्या दिवशी दोघेही फार सावकाश जेवले. एरवी दोन भाकरीत उठणाऱ्या सत्यजीतने तिसरी मागून घेतली.

हात धुऊन झाल्यावर मात्र पळवाट नव्हती. कॉम्प्युटरपुढे एकच खुर्ची होती.

"बसा पाव्हणं," मामा म्हणाले. "जावयाचा मान पहिला."

"छे छे, मामा. तुम्ही वडीलधारे. तुमच्या आधी मी कसा बसणार."

"आवो, पर पहिलं तुमचं बसिवलेलं हाय."

"म्हणून तर. शेवटचं बसवलेलं पहिलं बघायचं असतं, कॉम्प्युटरची रीतच हाय ती."

आयुष्यभर पहिल्या मानासाठी अडून बसणारे दोन पुरुष आज तोच मान एकमेकांच्या गळ्यात घालत होते. अनसाबाईंना काहीच उमगेना. तात्याबा उंबऱ्याशी बसून तंबाखू मळत होते आणि मळून झाली तरी मळतच होते. शेवटी मामा हरले आणि खुर्चीत बसले. त्यांनी खूप वेळ इकडे-तिकडे टिचक्या मारल्या, "जरा अपडेट करतो" असं पुटपुटले, आणि अंगाने स्क्रीन झाकत सुदर्शन काढून टाकलं. पण मामांचं अंग कितीही प्रशस्त असलं तरी मागे उभ्या सत्यजीतला खांद्यावरून दिसायचं ते दिसलंच. त्यांच्या भुवया वर गेल्या. मामा उठले, सत्यजीत बसले, आणि त्यांनीही घसा खाकरत लोहद्वार काढून टाकलं. आता मामांच्या भुवया वर गेल्या.

मग दोघांची नजरानजर झाली. सत्यजीतच्या ओठाचा कोपरा हलला. मामांचं पोट गदगदायला लागलं. तोंडात पान होतं म्हणून बरं, नाही तर तिथेच फुटले असते.

कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू झाला. कोपऱ्यातली ढाल हिरवी टिकली लावून परत हजर झाली, जणू शेजारी हळदीकुंकवाला जाऊन आली होती. हर्षदाने सरावाचं पान उघडलं. ते पटकन उघडलं. तिला इतका आनंद झाला की तिने टेबल घट्ट धरलं.

"झालं का?" तात्याबांनी विचारलं. "मग कुणाचं ऱ्हायलं शेवटी?"

दोन्ही पाहुण्यांचं हसू जागच्या जागी विरलं. दोघेही हर्षदाकडे बघत राहिले.

"दोघांचं ऱ्हायलं, आबा," हर्षदा म्हणाली. "दाजींच्या दुकानात जे हाय तेच, आन् मामांच्या दुकानात जे हाय तेच."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. सत्यजीतने मोठा श्वास सोडला. मामांनी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

निघताना अनसाबाईंनी परतीचा आहेर केला. रिकाम्या हाताने पाहुणा पाठवायचा नाही ही तिथली रीत. टॉवेल, टोपी, नारळ, आणि हर्षदाने आतून आणून दिलेलं एकेक खोकं. मामांच्या हातात किल्ल्याचा दरवाजा आला आणि सत्यजीतच्या हातात चक्र. दोन्ही खोक्यांवर ताजं हळदकुंकू.

"आता घरी जाऊन लगेच बसवा हं," हर्षदा सासूबाईंकडे बघत म्हणाली. "आहेर हाय. तसाच ठेवला तर आत्याबाईंना वाईट वाटंल."

बुधवारी ती परीक्षेला बसली. अनसाबाईंनी दोन्ही घरांतले फोन येऊ नयेत म्हणून मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवला. तात्याबा काठी घेऊन दारात बसले आणि पाण्याच्या मोटारीचं काहीतरी विचारायला आलेल्या शेजाऱ्याला त्यांनी बांधावरूनच परत पाठवलं. प्रश्न अवघड होते, पण शिरूरच्या ऑफिसात तिने याहून अवघड हिशेब सोडवले होते. संध्याकाळी निरोप आला, सोमवारपासून काम सुरू करा. हर्षदा पळत अंगणात गेली आणि तिने आधी सासूला मिठी मारली.

मग ती तात्याबांच्या पाया पडली. त्यांनी तिला उठवलं.

"एक इचारू पोरी? त्या दिवशी तू म्हनलीस, त्यांच्या दुकानात हाय तसंच करा. तवाच मला उमगलं की दुकानात काय न्हाई ते."

 हर्षदाचा चेहरा पहिल्यांदाच खरोखर भोळा झाला होता.

"मेंढरांमागं हुतो तवा राखणीला कुत्रं इकत घ्यायला जायचो," तात्याबा म्हणाले. "इकणारा लय गुण सांगायचा. आम्ही ऐकून घ्यायचो. आन् मग त्याच्या मेंढवाड्याला एक चक्कर मारायचो, त्याच्या मेंढरांवर कंचं कुत्रं हाय ते बघायला. त्येच मागायचो." त्यांनी एक डोळा बारीक केला. "तू बी त्येच केलंस. ह्या घरातली शोभतीस."

हर्षदाला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग आबा, कळलं हुतं तर जेवायच्या आधीच का न्हाई सोडवलंत?"

"आन् मग गंमत कुठली बघाय मिळाली असती?" तात्याबा म्हणाले, आणि उसाला पाणी द्यायला निघून गेले.